घरचा मीडिया सर्व्हर: स्ट्रीमिंगचे पैसे थांबवायचे असतील तर काय काय करावं लागतं

महिन्याला तीन-चार ॲप्सचे पैसे जातात आणि तरी जो सिनेमा बघायचाय तो नेमका कुठेच सापडत नाही, किंवा गेल्या महिन्यात होता आणि आता हक्क संपले म्हणून गायब. डिजिटल सिनेमा "विकत" घेतला तरी हातात येते ती फक्त बघायची परवानगी, आणि ती काढूनही घेतली जाऊ शकते. फाईल स्वतःच्या डिस्कवर असली की हा प्रश्नच संपतो, वर टीव्हीवर पोस्टर, कथेचा सारांश, काल जिथे थांबलो तिथून पुढे चालू, हे सगळं त्या ॲप्ससारखंच मिळतं.

घरचा मीडिया सर्व्हर म्हणजे घरातलंच एक मशीन, जे तुमच्या फाईल्स सांभाळतं आणि टीव्हीला, फोनला पुरवतं. तो उभा करायला एखादी संध्याकाळ पुरते, हे खरंच सांगतोय. खरा वेळ जातो तो फाईल्स गोळा करण्यात आणि त्या नीट लावण्यात. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: सर्व्हरला जितकं कमी काम पडेल तितका तो चांगला चालतो. ताकदवान मशीन घेण्यापेक्षा फाईल टीव्हीला जशीच्या तशी चालेल याची काळजी घ्या, निम्मी डोकेदुखी तिथेच जाते.

फाईल्स आणायच्या कुठून

हे आधी ठरवा, मशीन नंतर. घरात पडलेल्या डीव्हीडी आणि ब्लू-रे, कॉपी प्रोटेक्शनशिवाय विकत मिळणारं संगीत आणि व्हिडिओ, इंटरनेट आर्काइव्हवर असलेले हक्क संपलेले जुने सिनेमे, अँटेनावरून येणारे चॅनल रेकॉर्ड करणारा ट्यूनर, आणि घरचे व्हिडिओ. हे शेवटचं लोक विसरतात, पण बहुतेक घरांत सगळ्यात जास्त तेच बघितलं जातं असं माझं मत आहे, जुन्या टेपवरचं लग्न आणि मुलांचे वाढदिवस टीव्हीवर पोस्टरसकट दिसायला लागले की जे आजी-आजोबा कुठलंच ॲप उघडत नाहीत तेही रिमोट मागायला लागतात.

डिस्कवरून कॉपी करायची तर मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर सगळे वापरतात. पण बऱ्याच देशांत डिस्क स्वतःची असली तरी तिचं कॉपी प्रोटेक्शन तोडायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा तुमच्याकडचा नियम बघूनच पुढे जा. आणि टोरेंटवरून उतरवलेलं पायरेटेड काही मी इथे धरतच नाहीये, ज्यांनी सिनेमा बनवला त्यांना पैसे मिळायलाच हवेत.

अजून एक स्पष्ट बोलतो. नुकत्याच आलेल्या आणि फक्त एकाच ॲपवर असलेल्या सिरीज याने भरून निघणार नाहीत, त्या डीव्हीडी किंवा ब्लू-रेवर येतच नाहीत बहुतेक वेळा. त्यामुळे "सगळं बंद" असं करण्यापेक्षा घरचा सर्व्हर कायमचा आणि वर एका वेळी एकच ॲप, तेही लागेल त्या महिन्यापुरतं, ही पद्धत जास्त टिकते.

मशीन कुठलं

घरात जुना लॅपटॉप असेल तर सुरुवात त्यानेच करा. बॅटरी असते म्हणजे वीज गेली तरी लगेच बंद पडत नाही, विजही कमी खातो. फक्त झाकण बंद केल्यावर झोपायचा नाही अशी सेटिंग करायची, आणि बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली राहू नये म्हणून चार्जिंगची मर्यादा लावता येत असेल तर ती लावायची. बॅटरी फुगलेली दिसली तर तो लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवायचा नाही, हा विषय तिथेच संपला.

नवीन घेणार असाल तर इंटेलचा एन१०० प्रोसेसर असलेला मिनी पीसी पुरेसा आहे. २०२३ च्या सुरुवातीला हा चिप बाजारात आला, त्याचं रेटिंग फक्त ६ वॅटचं आहे, आणि त्याच्यात क्विक सिंक नावाचा व्हिडिओचा वेगळा भाग असतो जो एच२६४ आणि एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती, यांना कोडेक म्हणतात) दोन्ही उलगडतो आणि तयारही करतो, एव्ही१ हा कोडेक फक्त उलगडतो. ८ जीबी रॅम भरपूर झाली. जुना इंटेल असेल तर सातवी पिढी किंवा तिच्या पुढची बघा, कारण १०-बिट, म्हणजे जास्त रंगछटांचं, एचईव्हीसी तिथपासून नीट चालतं.

रास्पबेरी पाय ५ या छोट्याशा कॉम्प्युटरबद्दल लोक खूप विचारतात. छान बोर्ड आहे पण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं, म्हणजे नव्याने बांधणारं, हार्डवेअरच नाही, त्यामुळे फाईल बदलून पाठवायची वेळ आली की तो दमतो. जुना मोठा डेस्कटॉप फुकट मिळत असेल तर विजेचा हिशोब आधी करा: १० वॅट खाणारं मशीन महिनाभर सतत चालू ठेवलं की साधारण ७ युनिट होतात, ५० वॅटवालं ३६ युनिट, आणि हे दर महिन्याला.

डिस्कचं गणित सोपं आहे. १०८० पी चा सिनेमा सरासरी ८ जीबी धरला तर ४ टीबीच्या डिस्कवर पाचशेच्या आसपास बसतात. ब्लू-रे जशीच्या तशी ठेवायची तर एकेक सिनेमा २० ते ४० जीबी खातो आणि फोर-के असेल तर ५० च्या वर. ऑपरेटिंग सिस्टीम छोट्या एसएसडीवर, सिनेमे मोठ्या हार्ड डिस्कवर, एवढी विभागणी सुरुवातीपासून ठेवा.

डायरेक्ट प्ले समजून घ्या, बाकी सगळं आपोआप समजतं

टीव्हीवर प्ले दाबलं की तीनपैकी एक गोष्ट होते. पहिली, फाईल जशी आहे तशी पाठवली जाते, टीव्हीच ती उलगडतो, सर्व्हर फक्त डिस्कवरून वाचून देतो, याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि आपल्याला हेच पाहिजे. दुसरी, व्हिडिओ तोच पण डबा, म्हणजे फाईलचा प्रकार, बदलून पाठवला, म्हणजे एमकेव्हीतलं एमपी४ सारख्या रूपात, यालाही फार कष्ट नाहीत. तिसरी म्हणजे ट्रान्सकोडिंग, पूर्ण व्हिडिओ उलगडून नव्याने बांधायचा, तेही सिनेमा चालू असताना. फॅनचा आवाज, मध्येच फिरणारं चक्र, पुढे ढकललं की दहा सेकंद थांबणं, हे बहुतेक वेळा याच तिसऱ्या प्रकारामुळे होतं.

आता ट्रान्सकोडिंग कशामुळे सुरू होतं ते बघा, कारणं मोजकीच आहेत. टीव्हीला किंवा ब्राउझरला तो कोडेक कळत नाही. किंवा ऑडिओ डीटीएस (सराउंड आवाजाचा एक प्रकार) आहे आणि तुमच्या टीव्हीला डीटीएस चालत नाही (बऱ्याच टीव्हींना चालत नाही), तेव्हा सहसा फक्त ऑडिओच नव्याने बांधावा लागतो. किंवा ॲपमध्ये क्वालिटीची मर्यादा कमी ठेवलेली आहे आणि फाईल तिच्यापेक्षा मोठी आहे, हे तर फारच कॉमन, म्हणून ॲप टाकल्या टाकल्या घरातल्या नेटवर्कसाठी क्वालिटी कमाल करून टाका.

आणि चौथं कारण सबटायटल, जे कुणाच्या लक्षातच येत नाही. डीव्हीडी आणि ब्लू-रेवरची सबटायटल्स ही अक्षरं नसतात, चित्रं असतात. ती चित्रं दाखवता न येणारं ॲप असेल तर सर्व्हरला ती व्हिडिओवर छापून पाठवावी लागतात, म्हणजे अख्खा सिनेमा ट्रान्सकोड. सबटायटल बंद केल्यावर सिनेमा लोण्यासारखा चालतो आणि चालू केलं की अडकतो असं दिसलं तर समजून जायचं. उपाय म्हणजे सबटायटल एडिट नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने त्या चित्रांवरून अक्षरं वाचून एसआरटी, म्हणजे साध्या अक्षरांची सबटायटल फाईल बनवायची. थोडं हाताने तपासावं लागतं पण एकदाच.

म्हणून डिस्कवरून काढलेली फाईल हँडब्रेक या व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधून काढताना मी हे असं ठेवतो: व्हिडिओ एच२६४, जुने टीव्ही असतील तर डोळे झाकून हेच, सगळे टीव्ही नवीन असतील तर एचईव्हीसी म्हणजे जागा वाचते. क्वालिटीचा आकडा, ज्याला तिथे आरएफ म्हणतात, डीव्हीडीसाठी १८ ते २२ आणि १०८० पी साठी २० ते २४ ही हँडब्रेकवाल्यांचीच शिफारस आहे, आकडा जितका लहान तितकी फाईल मोठी आणि चित्र चांगलं. ऑडिओचे दोन ट्रॅक ठेवायचे, पहिला एएसी स्टिरिओ जो कुठेही चालतो, दुसरा मूळचा सराउंड जसाच्या तसा. डीव्हीडीचं चित्र मोठं करायच्या भानगडीत पडू नका, टीव्ही ते स्वतः करतो. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसत असतील तर डीइंटरलेस चालू करा.

सॉफ्टवेअर: जेलीफिन, प्लेक्स की एम्बी

ही तिन्ही मशीनला मीडिया सर्व्हर बनवणारी सॉफ्टवेअर आहेत आणि तिन्ही चांगली आहेत, मी जेलीफिन सुचवतो. एम्बीने आधी सगळ्यांना खुला असलेला आपला कोड बंद केला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्यातूनच वेगळं निघालेलं हे पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हार्डवेअरने ट्रान्सकोड करायला इथे पैसे लागत नाहीत, प्लेक्स आणि एम्बीमध्ये लागतात. प्लेक्सची ॲप्स जास्त गुळगुळीत आहेत हे मान्य, पण तिथे खातं त्यांच्याकडे उघडावं लागतं, आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःच्याच फाईल्स बघायलाही त्यांनी पैसे लावले. सबस्क्रिप्शनमधून सुटायला निघालोय तर परत दुसऱ्या सबस्क्रिप्शनवर कशाला अवलंबून राहायचं, असं मला मनापासून वाटतं.

एक तपासून घ्या, तुमच्या टीव्हीच्या ॲप स्टोअरमध्ये जेलीफिन आहे का. अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही, रोकू, एलजी यांच्यासाठी आहे. नसेल तर टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक लावा, चांगली स्टिक घेतलेले पैसे महागड्या सर्व्हरपेक्षा जास्त कामाला येतात.

बसवायचं कसं

मशीनवर डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर ही मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाका. विंडोजवरही जेलीफिन चालतं, पण रात्री अपडेट घेऊन मशीन स्वतःच रीस्टार्ट होणं वगैरे बघता लिनक्स बरं. जेलीफिनच्या साईटवर एका ओळीची इन्स्टॉल कमांड दिलेली आहे ती टर्मिनलमध्ये चिकटवा, डॉकर (प्रोग्रॅम स्वतःच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय) येत असेल तर डॉकर. मग घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर), विसर्ग चिन्हासारखे दोन टिंब, आणि ८०९६ हा पोर्ट टाकला की सेटअपचं पान उघडतं. राउटरमध्ये जाऊन या मशीनला कायम तोच आयपी मिळेल असं राखून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी पत्ता बदलतो आणि सगळ्या टीव्हींवर "सर्व्हर सापडला नाही" येतं.

इथे एक जागा आहे जिथे नवीन माणूस हमखास अडकतो. डिस्क लावली, लायब्ररीत फोल्डर दिला, स्कॅन केलं, आणि लायब्ररी रिकामी! फाईल्स तर समोर दिसतायत. कारण असं की जेलीफिन हा जेलीफिन नावाच्याच वेगळ्या युजरखाली चालतो, आणि डेस्कटॉपवर डिस्क आपोआप जोडली जाते तेव्हा ती तुमच्या युजरच्या खाजगी फोल्डरखाली जाते, तिथे त्याला आत शिरायचीच परवानगी नसते. नुसती सिनेमाच्या फोल्डरला परवानगी देऊन चालत नाही, वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जायची परवानगी लागते. त्यापेक्षा डिस्क एसआरव्ही किंवा एमएनटी या फोल्डरखाली कायमची जोडा, एफएसटॅब फाईलमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) तिचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहून, कारण सिस्टीमने डिस्कला दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. आणि त्याच ओळीत नोफेल हा पर्याय लिहायला विसरू नका, तो नसेल आणि कधी डिस्कची केबल सैल झाली तर मशीन बूटच पूर्ण करत नाही, कीबोर्ड आणि स्क्रीन जोडून बसावं लागतं.

हार्डवेअर ट्रान्सकोडिंग डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकच्या खाली मिळेल. इंटेल असेल तर क्विक सिंक निवडा, जेलीफिन युजरला रेंडर ग्रुपमध्ये (ग्राफिक्स चिप वापरायची परवानगी असलेला गट) टाका, डॉकर असेल तर डीआरआय डिव्हाइस, म्हणजे तीच ग्राफिक्स चिप, आत द्या. चालतंय का ते बघायला एखादा सिनेमा मुद्दाम कमी क्वालिटीवर लावा आणि डॅशबोर्ड उघडा, तिथे चालू असलेल्या प्रत्येक टीव्हीखाली डायरेक्ट प्ले आहे की ट्रान्सकोड आणि असेल तर का, कारणासकट लिहिलेलं असतं. काहीही अडलं की आधी हेच पान बघायची सवय लावून घ्या.

नावं नीट द्या

पोस्टर आणि माहिती टीएमडीबी नावाच्या डेटाबेसवरून आपोआप येते, पण फाईलच्या नावावरून. प्रत्येक सिनेमाला स्वतःचा फोल्डर, नाव आणि पुढे कंसात वर्ष, आत फाईललाही तेच नाव. वर्ष टाकलंच पाहिजे, एकाच नावाचे दोन-तीन सिनेमे असतात आणि मग भलतंच पोस्टर येतं. सिरीज असेल तर सिरीजचा फोल्डर, आत सीझनचा, आणि फाईलमध्ये एस०१ई०१ या पद्धतीने सीझन आणि भागाचा आकडा, हे मात्र इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहा. सिनेमे आणि सिरीज एकाच लायब्ररीत कोंबू नका. तरीही चुकीचा सिनेमा ओळखला गेला तर "आयडेंटिफाय" करून हाताने निवडता येतो, आपल्या भाषेतल्या जुन्या सिनेमांना हे बऱ्याचदा करावं लागतं कारण तिथे नाव कधी देवनागरीत असतं कधी रोमनमध्ये.

घरच्या व्हिडिओंसाठी वेगळी लायब्ररी, प्रकार "होम व्हिडिओ आणि फोटो", नाहीतर तुमच्या सहलीच्या व्हिडिओला कुठल्यातरी हॉलिवूड सिनेमाचं पोस्टर लागतं.

मराठी सबटायटलसाठी फाईलला सिनेमाचंच नाव द्या आणि शेवटी एसआरटीच्या आधी टिंब देऊन मराठीचा कोड, म्हणजे एम आणि आर ही दोन इंग्रजी अक्षरं. फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली पाहिजे, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. आणि सर्व्हरवर देवनागरीचा फॉन्ट असू द्या, नोटो फॉन्टचं पॅकेज टाकलं की झालं, कारण सबटायटल व्हिडिओवर छापायची वेळ आली तर सर्व्हर त्याच्याकडचा फॉन्ट वापरतो आणि तो नसेल तर सगळी चौकोनांची रांग दिसते.

नेटवर्क

सर्व्हर राउटरला केबलनेच जोडा, यात तडजोड नको. टीव्हीचं मात्र उलटंही होऊ शकतं. पुष्कळ टीव्हींचा केबलचा पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचा असतो, भारी टीव्हींचासुद्धा, आणि पुन्हा न दाबलेल्या फोर-के ब्लू-रेचा वेग ॲक्शनच्या सीनला १०० च्या वर उडी मारतो. मग केबल लावूनही अडकतं आणि काढून ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाकलं की मस्त चालतं. हे माहीत नसलं तर माणूस उगाच सर्व्हरला दोष देत बसतो. १०८० पी साठी हा प्रश्नच नाही.

घराबाहेरून बघायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडून सर्व्हर जगासमोर ठेवू नका. टेलस्केल नावाचं व्हीपीएन वापरा, ते वायरगार्ड या तंत्रावर चालतं, वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे, सर्व्हरवर आणि फोनवर टाकलं की फोन जणू घरच्याच नेटवर्कवर असतो. तुमची इंटरनेट कंपनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देत असेल, जे आता सर्रास चालतं, तर पोर्ट उघडून उपयोगही होत नाही पण टेलस्केल चालतं. बाहेर बघताना तुमच्या घराचा अपलोड वेग महत्त्वाचा, म्हणून डॅशबोर्डमध्ये बाहेरच्या स्ट्रीमसाठी ६-८ एमबीपीएसची मर्यादा लावा.

बॅकअप

रेडला (अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) बॅकअप समजू नका. रेड एक डिस्क मेली तर वाचवतं, चुकून डिलीट केलेलं वाचवत नाही. डिस्कवरून कॉपी केलेल्या सिनेमांचा बॅकअप म्हणजे कपाटातल्या त्या मूळ डिस्क, त्या देऊन-विकून टाकू नका. पण घरचे व्हिडिओ परत कुठून आणणार? त्यांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, आणि त्यातली एक घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे एक हार्ड डिस्क ठेवली तरी चालेल. जेलीफिनचे कॉन्फिग आणि डेटा हे फोल्डरही आठवड्याला कॉपी होतील असं लावा, कोणी काय बघितलं, कुठवर बघितलं ते सगळं त्यांत असतं. मोठी नवी आवृत्ती टाकण्याआधी तर नक्कीच, कारण डेटाबेस बदलला की जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही.

सबस्क्रिप्शन बंद करायची वेळ

घरातल्या प्रत्येकाला वेगळा युजर करून द्या, मुलांच्या युजरला फक्त त्यांची लायब्ररी दिसेल असं ठेवा, ॲडमिनचं खातं टीव्हीवर लॉगिन करू नका. मग महिनाभर दोन्ही चालू राहू देत आणि घरातले लोक कशावर जातायत ते बघा. टीव्ही चालू केल्यावर दोन बटणांत सिनेमा लागला नाही तर कोणी वापरणार नाही, त्यामुळे जेलीफिनचं ॲप टीव्हीच्या होम स्क्रीनवर पहिल्या जागी आणून ठेवा. जे ॲप महिन्यात कोणी उघडलंच नाही ते पहिलं बंद. बंद करण्याआधी तिथली "नंतर बघायचं" यादी आणि अर्धवट राहिलेल्या सिरीज कुठल्या भागावर आहेत ते कुठेतरी लिहून ठेवा, खातं गेलं की ते परत मिळेलच असं नाही, आणि ती यादी पुढे कुठली डिस्क घ्यायची हे ठरवायलाही उपयोगी पडते.